रेषेला नाव द्या

मी आयुष्यात सर्वांत जास्त कुणाचा ऋणी आहे, असं विचारलं तर मी आमच्या ऑफिसातल्या बाईंचं नाव घेईन. नाव म्हणजे नुसतं 'बाई'. कॉम्प्युटर शिकण्याआधी त्या शाळेत गणित शिकवायच्या. शाळा सुटली, हाक तेवढी राहिली.

हातात तांबडी पेन्सिल, समोर कागद. कागदावर दोन चौकटी आणि मध्ये एक रेष. मग पेन्सिल उलटी करून त्या रेषेवर टकटक करायच्या. "रेषेला नाव द्या. नाव देता येत नाही म्हणजे तुम्हाला समजलेलं नाही."

नव्वदच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. नाशिकला एका मिठाईच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. आम्ही व्यापाऱ्यांसाठी प्रोग्राम लिहायचो. पण त्याआधी बाई त्या धंद्याचा नकाशा काढायच्या. धंद्यात कोण आणि काय आहे, त्याच्या चौकटी. कुणाचा कशाशी काय संबंध, त्याच्या रेषा. रेषेच्या टोकांवर, एकाला एक की एकाला अनेक, ते. त्या याला लॉजिकल मॉडेल म्हणत. आमचे मालक 'बाईंची रांगोळी' म्हणत.

"बाई, रांगोळी झाली असेल तर प्रोग्राम सुरू करू या का?"

"गिऱ्हाइकाला नेमकं काय हवंय ते आधी त्याला तरी कळू द्या," बाई मान वर न करता म्हणत.

माझ्या मुलाखतीत त्यांनी मला माझ्याच घराचा नकाशा काढायला लावला. मी आई, वडील, भाऊ अशा सुबक चौकटी काढल्या. बाईंनी तिन्हींवर काट मारली.

"आई ही चौकट नाही. माणूस ही चौकट. आई हे नातं आहे, ते रेषेवर लिहायचं."

माझा चेहरा फारच पडला असावा. "बसा," त्या हसून म्हणाल्या, "आई कुठे जात नाही."

मला तात्पुरतं ठेवून घेतलं. मालकांनी स्पष्ट सांगितलं, "सटाण्याच्या कांदा व्यापाऱ्याचं काम येतंय. ते नीट झालं तर तू कायम. नाहीतर बघू." आमच्या घरातला मी पहिलाच पदवीधर. सटाण्याजवळच्या आमच्या गावात आईने नोकरीचे पेढे केव्हाच वाटले होते. ते परत कसे घ्यायचे?

माझं गाव तिकडचं, म्हणून नकाशा मीच काढला आणि बाईंसोबत सटाण्याला गेलो. बाईंची पद्धत अशी, की प्रत्येक रेष वाक्य करून मोठ्याने वाचायची आणि गिऱ्हाइकाला विचारायचं.

"एका गाडीत एकाच शेतकऱ्याचा कांदा येतो. बरोबर?"

"बरोबर, मॅडम," शेठ अदबीने म्हणाले.

"एक कांदा एकाच व्यापाऱ्याला विकला जातो?"

"बरोबर, मॅडम."

बाईंना शंका आली. त्यांनी कागदात बघतच, कागदावर नसलेलं वाक्य वाचलं, "शेतकरी गोणीत राहतो."

"बरोबर, मॅडम. चहा घ्या ना."

बाईंनी कागद माझ्याकडे सरकवला. "तुम्ही वाचा. घरी बोलता तसं."

घरी आमची गावाकडची बोली. कॉलेजात 'शे' म्हणालो की मुलं हसायची. मोठ्या कष्टाने मी ते 'आहे' करून घेतलं होतं. पण बाईंची पेन्सिल टकटक करत होती. मी घसा खाकरून वाचलं, "एक गाडीमा एकच शेतकरीना कांदा येस. बराबर शे का?"

शेठ एकदम सरळ बसले. "नही रे भाऊ! गाडी एक शे, कांदा तीन भाऊस्ना शे. कोनी काढं हाई?"

"मी," मी म्हणालो.

"कोन गावना तू? अन् तुले इतलं माहीत नही?"

मग शेठ थांबेनात. अर्ध्या रेषा बदलल्या. तसाच प्रोग्राम झाला असता तर तीन भावांचा कांदा थोरल्याच्या नावावर चढला असता आणि मार्केट यार्डात आमच्या नावाने शिमगा झाला असता.

परतीच्या एसटीत चांदवडपर्यंत बाई नव्या रेषा तपासत होत्या. मग म्हणाल्या, "तुमच्या भाषेत त्याला 'नाही' म्हणता आलं. आपलं निम्मं काम तेवढंच असतं."

मालकांना त्यांनी एवढंच सांगितलं, "रांगोळी पुसून नवी काढलीय. मुलाला कायम करा."

पुढे बाई निवृत्त होऊन सांगलीला भावाकडे गेल्या. त्यांची खुर्ची बरेच दिवस कुणी घेतली नाही. नवी मुलं आली, त्यांना मी रेषांवर टकटक करून दाखवू लागलो, तेव्हा एकदा त्यांना पत्र लिहिलं.

"ती. बाईंना सा. नमस्कार.

सोबत एक नकाशा आहे. दोन चौकटी: एक तुमची, एक माझी. दोन्हींवर 'माणूस' लिहिलंय, 'बाई' नाही. तेवढं मी शिकलो. मधल्या रेषेला 'शिकवतात' लिहिलं, खोडलं. 'सांभाळतात' लिहिलं, तेही खोडलं. रेष अजून कोरी आहे. म्हणजे तुमच्या नियमाने मला समजलेलं नाही.

रेषेची टोकं मात्र तपासली. तुमच्याकडून वाचलं तर एकाला अनेक. माझ्याकडून वाचलं तर एकाला एकच.

बराबर शे का?"