रविवारी बाटली मिळणार नाही

“दूध पाजायची बाटली द्या, अक्का. बाळ सकाळपासून उपाशी आहे,” समोरचा माणूस धापा टाकत म्हणाला. त्याच्या शेजारीच तपासणीला आलेला लेबर इन्स्पेक्टर उभा होता.

चिक्कपेटे या कानडी बाजारपेठेतल्या औषधांच्या दुकानात मी कंपाउंडर होते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून मिश्रणं तयार करायची. कायदा नवा होता. रविवारी दुकानं बंद. सूट फक्त औषधांना. त्यामुळे साबण, पावडर, बाळांच्या बाटल्या यांच्या कपाटावर आमचे मालक अण्णा रविवारी पडदा ओढत. एकदा ताकीद मिळाली होती. पुन्हा सापडलो तर सूटच जाणार होती.

“बाटली औषधात येत नाही,” इन्स्पेक्टर म्हणाला. “उद्या घ्या.”

“उद्या? बायको टायफॉइडने इस्पितळात आहे, सार. घरची बाटली फुटली. चमच्याने पाजलं की ओकतं.”

अण्णांनी मला डोळ्यांनीच दटावलं.

माणसाच्या हातात डॉक्टरांची चिठ्ठी होती. बाळाच्या पोटदुखीवरचं मिश्रण. मी ती ओढूनच घेतली. मिश्रण आम्ही बाटलीत भरून देत असू. कसल्या बाटलीत, हे कोणत्या नियमात होतं?

पडद्यामागे हात घालून मी बाटली काढली. तेव्हा ती होडीसारखी असे, दोन्ही टोकांना तोंड, दोन्हीकडे रबर. उकळलेल्या पाण्याने विसळली, मिश्रण भरलं, लेबल डकवलं.

“हे काय?” इन्स्पेक्टरने विचारलं.

“मिश्रण.”

“आणि हे निपल?”

“बूच.”

“त्या टोकाचं?”

“तेही बूच. नाहीतर औषध सांडेल, सार.”

“शांताक्का, स्वल्प हळू,” अण्णा पुटपुटले.

इन्स्पेक्टरने बाटली उजेडात धरली. “एवढंसं औषध, एवढी मोठी बाटली?”

“हलवून द्यायचं असतं. हलवायला जागा नको?”

त्याच्या मिशा थरथरल्या. मग तो मोठ्याने हसला. “सरी, सरी, ठीक आहे. द्या.”

मी बापाला बजावलं, “घरी मिश्रण पेल्यात काढा. बाटली उकळा. मगच दूध.” तो पळतच सुटला.

“बाटली फुकट गेली,” अण्णा म्हणाले.

सोमवारी बाळाचा बाप सांगायला आला. बाळ पोटभर पिऊन रात्रभर झोपलं होतं.

इन्स्पेक्टरला कधी विनंती करू नये. नाही म्हणणं त्याला सोपं असतं. काम त्याच्यासमोर उरकावं. मग अडवायचं कारण त्याला शोधावं लागतं.