पान खायचं की काढायचं

माझी धाकटी बहीण शामला नेदरलँड्समधल्या आम्स्टलफेनला राहते. मार्च २०२० मध्ये तिची जपानची बॅग भरून तयार होती. चेरीच्या बहरात क्योतो, मग ओसाका, आणि कुठल्या गावी काय खायचं याची एक वही. मी तीन आठवड्यांसाठी तिच्याकडे गेले होते. विमानं बंद झाली, सहल रद्द झाली, माझा मुक्काम लांबला. शामला बॅग काही रिकामी करेना.

"उघड गं ती," तिचा नवरा राजन म्हणाला. "माझे सगळे मोजे जपानला निघालेत."

शेजारी नोरिको हरादा राहायची, मूळची क्योतोची. दोघींची ओळख डच शिकवणीच्या वर्गातली. मोडक्यातोडक्या डचमध्ये त्या तासन्‌तास बोलत. चुका काढायला कुणी नव्हतं. सहल रद्द झाल्याचं कळल्यावर नोरिकोने कुंपणावर एक ताटली ठेवली आणि दीड मीटर मागे सरकली.

"क्योतोचा वसंत," ती म्हणाली.

चिकट भाताचे गुलाबी गोळे, आत लाल कडधान्याचं गोड पुरण, भोवती चेरीचं खारवलेलं पान. आम्ही कोकणातल्या, पानातलं गोड समोर आलं की हात आपोआप पान सोलतो. शामलाने सगळी पानं सोलून नीट एकावर एक रचली. दुसऱ्या दिवशी नोरिकोने विचारलं, "खारट आणि गोड, एकत्र आवडलं?"

"खारट?"

"पान! पान खाल्लं नाहीस?"

मे महिन्यात ओकच्या पानातला गोळा आला, टोकियोकडचा. शामलाने धडा घेतला होता. तिने तो पानासकट तोंडात घातला आणि बराच वेळ चावत बसली.

"शामे, रवंथ करतेयस का?" राजनने विचारलं.

ते पान फक्त वासापुरतं असतं, हे नंतर कळलं. जूनअखेर बर्फाच्या तुकड्यासारखी त्रिकोणी मिठाई आली, उरलेलं वर्ष निरोगी जावं म्हणून खायची. तिला सुदैवाने पान नव्हतं.

आता घरात तीन ताटल्या साठल्या. ताटली रिकामी परत द्यायची नाही, ही आमच्या आईची शिस्त.

"चकल्या घालून दे की," मी म्हटलं.

"ताई, तिने मला ऋतू दिलेत. मी चकल्या देऊ?"

तिला हळदीच्या पानात वाफवलेल्या, गूळखोबऱ्याच्या पातोळ्या द्यायच्या होत्या. एप्रिलमध्येच तिने सुरिनामहून आलेल्या भारतवंशीयांच्या दुकानातली ओली हळद कुंडीत लावली होती, पण पानं जेमतेम वीतभर झाली होती. आणि जुलैत नोरिकोने सांगितलं की नवऱ्याची बदली झाली. सतरा ऑगस्टला ते कायमचे जपानला परत जाणार.

त्या दिवसापासून शामला कुंडी घेऊन उन्हामागे फिरू लागली. सकाळी स्वयंपाकघर, दुपारी अंगण, संध्याकाळी जिन्याची खिडकी. पट्टीने पानं मोजायची. राजन रोज विचारायचा, "काय म्हणतंय बाळ?" ऑगस्टात मात्र असा उकाडा आला की डच शेजारी सावलीत पाय पाण्यात बुडवून बसले आणि हळद तरारून उठली. सोळा तारखेला अकरा पानं निघाली.

घरभर हळदीच्या पानाचा वास भरला. तीन ताटल्यांत पातोळ्या भरून शामलाने त्या कुंपणावर ठेवल्या. नोरिकोने एक उचलली, डोळे मिटून वास घेतला आणि पानासकट मोठा घास घेतला.

आम्ही तिघं बघत राहिलो. ती चावत होती. चावतच होती. धागे दातांत अडकले तरी मान डोलावून म्हणाली, "छान आहे."

शामलाला राहवेना. तिने स्वतःची पातोळी पानासकट तोंडात घातली. दोघी समोरासमोर रवंथ करू लागल्या. राजन हसत खाली बसला, तेव्हा कुठे नोरिकोला कळलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली ती. मग उरलेल्या पातोळ्यांची पानं सोलून तिने एकावर एक रचली, अगदी शामलासारखी.

२०२२ च्या शरदात जपानने दारं उघडली आणि ती बॅग अखेर निघाली. शामलाचा पहिला फोन क्योतोच्या स्टेशनवरून आला. नोरिको खोका घेऊन उभी होती: शेजारच्या नारा शहराकडचा भात, वर माशाची चकती, भोवती पर्सिमनच्या फळझाडाचं लालसर पान.

"ताई, नमस्कारसुद्धा केला नाही गं तिने. आधी म्हणाली, काढून खा!"