अक्कांना निवृत्त म्हणू नका

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी टेंभुर्णीत होते, भाचीच्या घरी. तिच्या बाळाला बघायला सकाळच्या एसटीने गेले होते आणि संध्याकाळी परतायचं होतं. बाळ माझ्या मांडीवर होतं, म्हणून फोन भाचीने घेतला, आणि तिचा चेहरा बघूनच मला कळलं. माझ्या मुलाचा फोन होता. दुपारी जेवून अक्का खुर्चीत टेकल्या त्या उठल्याच नाहीत... मी रडले ते सोलापूरला पोचल्यावर. खरा संताप आला तो दुसऱ्या दिवशी. पेपरात छोटीशी बातमी होती, फोटोसकट, आणि तिच्यात लिहिलं होतं, 'वयोमानामुळे गायनातून निवृत्त झालेल्या ज्येष्ठ गायिका गिरिजाबाई यांचे निधन'. घरात माणसं भेटायला आलेली आणि मी पेपर हातात धरून तणतणतेय. "वयोमानामुळे म्हणे! कुणी सांगितलं यांना?" मुलगा हळूच म्हणाला, "आई, असंच लिहितात गं." लिहीत असतील. म्हणून तर आता, येणारी-जाणारी माणसं थांबल्यावर, मी हे लिहायला बसले आहे. अक्का गायच्या थांबल्या हे खरं. पण त्यांनी कधी थांबावं हे ठरवायला गावातले बरेच शहाणे पुढे सरसावले होते, आणि अक्कांनी त्यातल्या एकालाही ते ठरवू दिलं नाही.

अक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. शुक्रवार पेठेत आमचं घर, खाली सासऱ्यांचं भुसार मालाचं दुकान आणि वर आम्ही. घरात कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी आणि भांडायला दोन्ही, अशी रीत. अक्कांनी लग्न केलं नाही. गावातल्या एका वयस्कर गुरुजींकडे त्या परकऱ्या वयापासून शिकल्या, आणि मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांच्या मैफली जोरात होत्या. मी गाणं शिकलेली नव्हते, फक्त कान बरा होता. नवी नवरी असताना एकदा भाकऱ्या थापता थापता मी आतून ओरडले, "अक्का, तुमची एक तार उतरलीय." त्या तंबोरा घेऊन तशाच स्वयंपाकघरात आल्या. "कुटली?" मी पिठाच्या बोटाने दाखवली. त्यांनी खुंटी पिळली, ऐकलं, आणि म्हणाल्या, "मग हितं काय भाकऱ्या थापत बसलीयस सुमन? चल माझ्या मागं." सासूबाईंनी कपाळाला हात लावला, पण अक्कांपुढे त्यांचंही काही चालायचं नाही. तेव्हापासून मी त्यांच्या मागे तंबोऱ्यावर बसले. विजापूर, गुलबर्गा, पुणे, कुठे कुठे हिंडलो. लोकांनी त्यांचा चेहरा बघितला, मी त्यांची पाठ बघितली. पाठीवरून मला सगळं कळायचं. मनासारखं गाणं चाललं की त्यांचा डावा खांदा किंचित खाली यायचा, आणि श्रोत्यांत कुणी घड्याळ बघितलं की मान ताठ व्हायची.

अक्का काळी चारमध्ये गायच्या. ज्यांना पेटी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पेटीच्या ज्या पट्टीला गाणारा आपला 'सा' मानतो ती त्याची पट्टी, आणि उमेदीत एकदा ती ठरली की वर्षानुवर्षं तीच राहते. वय झालं की वरचे सूर दमवायला लागतात. मग अर्धा सूर खाली यावं लागतं. ऐकणाऱ्याला ते कळतही नाही, गाणाऱ्याला मात्र राहतं घर सोडल्यासारखं वाटतं. अक्कांनी सत्तरी ओलांडली तेव्हा वरचा 'सा' कधी लागायचा, कधी काठावर डुगडुगायचा. त्यांना ते माहीत होतं, मला माहीत होतं, आणि पेटीवर बसणाऱ्या हमीदभाईंना तर होतंच. हमीदभाईंचं सात रस्त्याजवळ घड्याळांचं दुकान. स्वभावाने इतके मऊ, की बिघडलेलं घड्याळ परत घेऊन येणाऱ्या माणसाचीच समजूत काढायचे. अक्कांचा शब्द खाली पडू द्यायचे नाहीत. पण मायेनेही माणूस चुकतो.

एका उन्हाळ्यात आमच्या संगीत मंडळाच्या कार्यक्रमाला मी आत तंबोरा जुळवत होते. हमीदभाईंनी पेटीवर सूर दिला. त्या सुराला लावायचं तर तारा सैल सोडाव्या लागत होत्या. मला शंका आली, पण घरीच माझ्या हातून तारा जास्त चढल्या असतील असं मी धरून चालले. पडदा वर गेला. अक्कांनी 'सा' लावला आणि मध्येच तोडला. त्यांची मान ताठ झालेली मी मागून बघितली. मान न वळवता, समोर माईक असताना त्या म्हणाल्या, "हमीदभाई, ही पांढरी पाच हाय की." हमीदभाईंचा चेहरा पार उतरला. "अक्का... तुमकू तरास नै होना बोलके..." मंडळाच्या अध्यक्षांनीच त्यांना तसं सुचवलं होतं, हे नंतर कळलं. अर्धा सूर खाली, पांढरी पाच द्या, बाईंना कळणारही नाही! जिने साठ वर्षं त्याच पट्टीत श्वास घेतला तिला कळणार नाही, असं या गाणं चालवणाऱ्यांना वाटलं, याचं मला आजही नवल वाटतं. अक्का माझ्याकडे वळल्या. "सुमन, चढव." आणि भरल्या सभागृहासमोर मी तारा पुन्हा चढवल्या. लोक खोकत होते, खुर्च्या कुरकुरत होत्या. अक्का मात्र रुमालाने चष्मा पुसत शांत बसल्या होत्या.

त्या दिवशी वरचा 'सा' फाटला. साफ फाटला, शेवटच्या रांगेलाही कळावं असा. त्यांनी पुन्हा घेतला, पुन्हा फाटला. अध्यक्षांनी पहिल्या रांगेत मान खाली घातली. अक्का हसल्या आणि माईकमध्ये म्हणाल्या, "आज न्हाय लागत. जाऊ दे, तो हाय तितंच, कुटं पळत न्हाय." आणि खाली येऊन असा काही यमन मांडला, की मला तंबोरा छेडायचं भान राहिलं नाही. घरी येईपर्यंत त्या हमीदभाईंशी एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून माझ्याच हाती त्यांच्या दुकानात पाठवली. त्यांनी डबा घेतला, उघडून बघितला आणि डोळे पुसत बसले.

मंडळाने मात्र त्या फाटलेल्या सुराची धास्ती घेतली. काही महिन्यांत घरी निमंत्रणपत्रिकाच छापून आली. कृतज्ञता सोहळा, शाल, श्रीफळ, मानपत्र, आणि खाली ठळक अक्षरांत 'निरोपाची भैरवी'. अक्कांनी पत्रिका नाकाजवळ धरून वाचली.

"कुणाचा निरोप गं?"

"तुमचा की."

"व्हय? मी कुटं चालले?"

मी म्हटलं, जाऊच नका. माझा तर जीव जळत होता. पण त्या गेल्या. इरकल साडी नेसून, अंबाड्यावर गजरा माळून, वेळेच्या आधी जाऊन बसल्या. भाषणं झाली. बोलणारा प्रत्येक माणूस 'बाई गात असत', 'बाईंचा आवाज होता' असं बोलत होता, आणि बाई समोर खुर्चीत बसून ऐकत होत्या. मेलेल्या माणसाबद्दल बोलताना आपण जी जपून भाषा वापरतो ना, तीच ती. मग अध्यक्षांनी हात जोडून विनंती केली, आता फक्त भैरवी. आमच्यात भैरवी म्हणजे मैफलीचा शेवट. एकदा भैरवी झाली की त्या बैठकीत कुणी पुढे सूर लावत नाही. अक्का बैठकीवर आल्या, शाल घडी करून बाजूला ठेवली, आणि सुरू केला पूरिया धनाश्री. विलंबित, चांगला ऐसपैस. अध्यक्षांना वाटलं, चुकून. ते पुढे सरकले, हमीदभाईंना खूण करायला लागले. हमीदभाईंनी या खेपेला डोळे मिटून घेतले. अक्का तासाच्या वर गायल्या. वरचा 'सा' कधी लागला, कधी नाही, आणि लागला नाही तेव्हा त्यांनी तो लपवला नाही. संपल्यावर त्या उठायला लागल्या तसे अध्यक्ष माईकवर आले, "बाई... भैरवी राहिली." अक्का त्यांच्याकडे बघून गोड हसल्या. "भैरवी मैफल संपल्यावर गातात. आमची संपली न्हाय." आणि नारळ माझ्या पिशवीत टाकून चालू पडल्या. मागच्या रांगांमधून कुणीतरी शिट्टी मारली. शास्त्रीय गाण्याच्या बैठकीत शिट्टी मी तेव्हाच ऐकली.

आता यातली गंमत बघा. पुढे दिवाळीनंतर एका सकाळी घरी बसलो असताना अक्का आपणहून म्हणाल्या, "हमीदभाई, आजपासनं पांढरी पाच." हमीदभाई चाचरत म्हणाले, "अक्का, उस दिन मैं वोच तो दिया था..." त्या म्हणाल्या, "त्या दिवशी तुमी दिलं. आज मी मागतेय." यात फरक काय, असं ज्याला वाटतं त्याला मी समजावू शकत नाही. पांढरी पाचमध्ये त्या पुढे बरीच वर्षं गायल्या. मंडळाने बोलावणं बंद केलं, तर देवळांत गायल्या, मठांत गायल्या, कुणाच्या पेढीच्या उद्घाटनाला गायल्या. माझा मुलगा तेव्हा पुण्यात नोकरीला होता, तो फोनवर म्हणायचा, "आत्याला आता आराम करू दे." अक्का फोन हिसकावून त्याला विचारायच्या, "तू कधी करतोस रे आराम?" 

आणि मग तो दिवस. अक्कलकोटच्या पलीकडे, सीमेलगतच्या एका गावात मठाच्या अंगणात सकाळचा कार्यक्रम होता. समोर बहुतेक बायका, पदर डोक्यावर घेऊन, मांडीवर पोरं घेऊन बसलेल्या. त्या दिवशी अक्कांचा आवाज असा लागला, की मी आणि हमीदभाई एकमेकांकडे बघत राहिलो. वरचा 'सा' त्यांनी घेतला आणि तो तिथे राहिला, हलला नाही, डुगडुगला नाही. समोरची एक म्हातारी कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटली आणि तिने तिथूनच हात जोडले. शेवटी अक्कांनी भैरवी गायली. परतताना जीपमध्ये त्या खिडकीला टेकून बसल्या होत्या. बाहेर ज्वारी कापणीला आली होती. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "साकु." म्हणजे पुरे. मला वाटलं, खिडकीतून येणारं वारं पुरे. मी काच वर केली.

"काच न्हाय गं. गाणं. लोकांपुढचं."

मी चिडलेच. "आज? आज तर किती लागला आवाज!"

"म्हणून तर. लागत न्हाय म्हणून थांबले असते तर त्या अध्यक्षाचं खरं झालं असतं की."

हमीदभाई पुढच्या सीटवर बसून हसायला लागले. मला हसू आलं नाही. मला एकदम एकटं वाटलं. एवढी वर्षं मी त्यांच्या मागे बसले, आणि त्या थांबल्या म्हणजे मीही थांबले. मला कुणी विचारलं होतं? मी तसं बोलूनही दाखवलं. "आणि माझं काय अक्का?" त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, जणू एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मी मागे नाही, शेजारी बसले होते. म्हणाल्या, "तुला कुटं कोण थांब म्हणलंय?" मला ते टोलवून लावणं वाटलं आणि मी घर येईपर्यंत अबोला धरला.

त्यानंतर त्यांनी कुठे जाहीर केलं नाही, निरोप घेतला नाही. कुणी बोलावलं तर "न्हाय जमणार" एवढंच सांगायच्या आणि कारण द्यायच्या नाहीत. वरच्या खोलीत मात्र रोज सकाळी दार सताड उघडं टाकून गायला बसायच्या, गेल्या त्या दिवशीही बसल्या होत्या. याला ज्यांना निवृत्ती म्हणायचं त्यांनी म्हणावं, आमच्या घरात म्हणू नये.

परवा मंडळाचे लोक येऊन गेले. अध्यक्ष आता नवे आहेत, तरुण आहेत, बोलायला चांगले आहेत. सभागृहात काचेचं कपाट करून त्यात अक्कांचा तंबोरा ठेवायचा म्हणतात, खाली नाव घालून. मी त्यांना चहा दिला आणि सांगितलं, तंबोरा मिळणार नाही, तो वापरात आहे. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. वापरात म्हणजे कुणाच्या, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही, ते बरं झालं, कारण तोवर मलाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वरच्या खोलीत गेले. चटई तिथेच अंथरलेली होती. मी तंबोरा जुळवला, आणि पहिल्यांदाच तो घेऊन मी पुढे बसले, मागे नाही. अडुसष्टाव्या वर्षी मी 'सा' लावला. घशातून जे काही निघालं ते ऐकून खालून सून धावत आली, हाताला कणीक तशीच. "आई, काय झालं? आणि हे काय, या वयात?"

दार लावू का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, राहू दे उघडं. मग पुन्हा 'सा' लावला. पुन्हा फाटला. पुन्हा लावला.