बाथरूमच्या गळतीतून जमलेलं लग्न

आमचं ऑफिस नारायण पेठेत, झेरॉक्सच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. मॅडम आणि मी, दोघीच वकील. परदेशातले घटस्फोट, नवरा-बायकोचे व्हिसा, आई एका देशात आणि बाप दुसऱ्या देशात अशी मुलं, हे आमचं काम. ह्या कामात हसण्याचे प्रसंग कमीच. लेकराला फक्त मोबाइलच्या पडद्यावर पाहणारी आई समोर बसली, की संध्याकाळी घरी जाऊन माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही. म्हणूनच ते जोडपं मला इतकं लख्ख आठवतं.

दोघंही साठी ओलांडलेले. काकू बँकेतून निवृत्त झालेल्या, वारज्याला राहणाऱ्या आणि सोसायटीच्या सेक्रेटरी. काका कॅनडात स्थायिक झालेले इंजिनिअर. दोघांचेही जोडीदार पूर्वीच वारलेले. काका वारज्याचा आपला बंद फ्लॅट विकायला म्हणून आले आणि तीन महिन्यांत काकूंशी रजिस्टर लग्न करून परत गेले. आता काकूंना तिकडे नेण्यासाठी केलेला अर्ज अडकला होता. हे लग्न खरं आहे की फक्त व्हिसासाठी केलंय, अशी तिकडच्या अधिकाऱ्यांना शंका होती. दोघांची मुलाखत घेणार होते. काका त्यासाठी मुद्दाम पुण्याला आले आणि दोघं आमच्याकडे आले.

"लग्नाचे फोटो?" मॅडमनी विचारलं.

काकूंनी एकच फोटो पुढे केला. रजिस्ट्रारच्या ऑफिसातला. दोघांच्या मधून एक स्कूटर सहज गेली असती.

"जरा जवळ उभे असलेले नाहीत का?"

"कशाला?" काकू म्हणाल्या. "आम्ही ओळखतो एकमेकांना."

"फोनवरचे मेसेज तरी?" मी विचारलं. "रोजचं बोलणं दिसलं पाहिजे."

मेसेज पुष्कळ होते. मी ते वाचत बसले आणि थोड्या वेळाने मला तोंडावर ओढणी धरावी लागली. प्रेमाचा एक शब्द नव्हता. साबुदाण्यात पाणी किती घालायचं ह्यावरून आठवडाभर जुंपलेली होती. काकांनी केलेल्या खिचडीचा फोटो, खाली काकूंचा शेरा: "ह्याने भिंतीला पोस्टर चिकटवा." त्यावर काका: "चिकटवलं. छान बसलं."

मॅडमनी चष्मा काढला. "हेच पाठवू," म्हणाल्या. "आणि मुलाखतीत कृपया भांडू नका."

"आम्ही भांडत नाही," दोघं एकदम म्हणाले.

मुलाखत व्हिडिओवर, आमच्याच ऑफिसात ठरली. आम्ही हजर राहू शकत होतो, पण बोलायला परवानगी नव्हती. काकूंना इंग्रजी उत्तम यायचं, तरी त्यांनी दुभाषी मागितली. "लग्न मराठीत केलंय, उत्तरंही मराठीतच देईन." पडद्यावर एका बाजूला गोरा, गंभीर अधिकारी, दुसऱ्या बाजूला दुभाषी बाई. काकांना आम्ही बाहेरच्या खोलीत बसवलं, कारण आधी दोघांना वेगवेगळं विचारणार होते.

"तुमची भेट कशी झाली?"

"त्यांचं बाथरूम माझ्या स्वयंपाकघरात गळत होतं," काकू म्हणाल्या.

दुभाषी बाई क्षणभर थांबल्या, मग त्यांनी इंग्रजीत सांगितलं. अधिकाऱ्याने पुन्हा एकदा विचारून घेतलं.

"हो, गळत होतं. फोडणीच्या कढईत. मी सांगितलं, गळती थांबेपर्यंत फ्लॅट विकायला सोसायटीचं पत्र मिळणार नाही. मग ते रोज यायचे."

"पत्र मागायला?"

"आधी पत्र मागायला. गळती थांबल्यावरही येत राहिले. मग मीच विचारलं, आता काय गळतंय?"

मी वहीत काहीतरी लिहितेय असं दाखवत मान खाली घातली. शेजारी मॅडम शांत. पण त्यांच्या खुर्चीचा एक पाय लटपटायचा, आणि तो आता टकटक वाजत होता.

"तुम्ही पतीला कोणत्या नावाने हाक मारता?"

"अहो."

"आणि ते तुम्हाला?"

"तेही अहो."

दुभाषी बाईंनी हे समजावून सांगायला बराच वेळ घेतला. अधिकाऱ्याचा चेहरा आणखीच गंभीर झाला. आता अर्ज गेलाच, असं वाटलं.

मग काकांना आत बोलावलं, काकू बाहेर गेल्या. बाथरूम, कढई, पत्र, सगळं त्यांनी तसंच सांगितलं. फक्त गळती "किरकोळ" होती म्हणाले. बाहेरून काकूंचा आवाज आला, "किरकोळ? छताचा पोपडा आमटीत पडला होता!"

मॅडमनी डोळे मिटले.

अधिकाऱ्याने विचारलं, कोण ओरडतंय. काका म्हणाले, "माझी बायको." मग त्याने काकूंनाही आत बोलावलं. दोघं शेजारी बसले आणि त्याच्याकडे न बघता एकमेकांना सुनवायला लागले.

"अहो, तुम्हाला आमटीतलं काय कळतंय डोंबल!"

"अहो, खात कोण होतं ती आमटी? मीच ना?"

"डोंबल" ह्या शब्दाशी दुभाषी बाई अडल्या. त्यांनी एक इंग्रजी शब्द सुरू केला, सोडला, दुसरा सुरू केला, आणि मग माइक बंद करून चक्क हसत सुटल्या. त्यांचे हलणारे खांदे आम्हाला पडद्यावर दिसत होते. माझाही धीर सुटला. मी टेबलाखाली पेन शोधायला वाकले आणि तिथेच राहिले.

सगळे शांत झाल्यावर अधिकाऱ्याने काकांना विचारलं, "ह्यांना कॅनडात का न्यायचंय?"

काका मराठीतच म्हणाले, "मुलगा चांगला आहे, सून चांगली आहे. सगळे मला हो म्हणतात, जपतात. पण तू चुकतोयस म्हणणारं घरात कुणी उरलं नव्हतं."

काकू पदराशी चाळा करत बसल्या. अधिकाऱ्याने आभार मानले आणि पडदा काळा झाला.

व्हिसा मंजूर झाल्याची ईमेल आली तेव्हा दुपार होती आणि मॅडम एका पक्षकाराला फोनवर झापत होत्या. मी पडद्याकडे बोट दाखवलं. त्यांनी "नंतर करते" म्हणून फोन ठेवला, उठल्या, आणि माझा हात धरून टेबलाभोवती एक गिरकी घेतली. इतक्या वर्षांत मी त्यांना साधं मनमोकळं हसतानाही पाहिलं नव्हतं. कपाटावरच्या फायली धडाधड खाली आल्या, त्या आम्ही उचलल्यासुद्धा नाहीत.

काका निकालासाठी पुण्यातच थांबले होते; दोघांना बोलावून घेतलं आणि भर कामाच्या वेळी ऑफिसला कुलूप लावून आम्ही मस्तानी खायला निघालो. रिक्षावाल्याने आमच्याकडे पाहिलं. "चार माणसं बसणार नाहीत."

"वऱ्हाड आहे," मॅडम म्हणाल्या.

त्याने आम्हा चौघांचे पिकलेले, अर्धे पिकलेले केस नीट पाहून घेतले. "नवरी कुठंय?"

काकूंनी हात वर केला. काका त्यांना खेटून बसले, मधे पिशवी ठेवायलाही जागा नव्हती. मॅडम माझ्या अर्ध्या मांडीवर. रिक्षावाला म्हणाला, "धरून बसा, आणि पोलीस दिसला की वाका." आम्ही पोलीस नसतानाही वाकत, खिदळत गेलो.