गंबुसाचं कातडं

आमच्या घरात कातड्याचं वाद्य कधी आलं नाही. माझ्या बापाने स्वतःच्या बापाचं डफडं कुऱ्हाडीने फोडलं होतं, मग कोण आणणार! गावात लग्न असो की मयत, आज्याने वाजवायचं आणि उष्टं घेऊन मागच्या दाराने निघायचं. एकदा अंगात ताप म्हणून तो गेला नाही. चावडीपुढे त्याला लाथाबुक्क्यांनी तुडवलं, बुटाखाली बोटं चिरडली. दुसऱ्या दिवशी बाबांनी डफड्याचे तुकडे केले, आणि आज्याने त्याच चिरडलेल्या हातात पायताण धरून बाबांना रक्त येईपर्यंत मारलं. त्या कुऱ्हाडीचा मला माज आहे. का नसावा?

आणि इथे अमेरिकेत, बॉथेलमध्ये, माझ्या वरच्या मजल्यावर नेमके गंबुसवाले काका राहायला आले. म्हातारे, मलेशियाचे. गंबुस म्हणजे त्यांच्याकडचं तारांचं वाद्य. फणसाच्या एकाच ओंडक्यातून कोरलेलं, आणि पोटावर बकरीचं कातडं ताणलेलं. काकांच्या वडिलांनी स्वतः कोरलं होतं. घरात आता दुसरं कुणी वाजवत नाही.

त्या शनिवारी दुपारी त्यांच्या नातीचं लग्न होतं. पावसाळी हवेने कातडं सैल पडलेलं, तार छेडली की नुसतं भद्द. नातीच्या सासरचे म्हणाले होते, आवाज लागला तर वाजवा, नाहीतर डीजे आहेच. काका सकाळीच दारात उभे. "तुझ्याकडे हीटर आहे का गं?" रडवेलेच झाले होते.

बाबा तेव्हा नागपूरहून आलेले, टेबलाशी चहा पीत होते. हीटर नव्हता, म्हणून मी शेगडी पेटवली आणि गंबुस पालथा करून वर धरला. आज्या डफडं शेकायचा, हे ऐकलेलं होतं ना!

बाबांची खुर्ची धाडकन पडली. कानाखाली अशी बसली की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"कातडं शेकाले शिकवलं का मी तुले? याच्यासाठी अमेरिकेत धाडलं?"

बाबांनी गंबुस मानेला धरून हिसकावला आणि ओट्यावर आपटायला डोक्यावर उचलला. मी किंचाळले. काका किंचाळले नाहीत. त्यांनी ओट्यावर आपले दोन्ही हात पसरले आणि म्हणाले, "आधी यांच्यावर मार."

बोटं वाकडी, म्हातारी, तारांनी घट्टे पडलेली. बाबा त्या बोटांकडेच बघत राहिले. मला वाटलं, आता आपटतात गंबुस, संपलं.

मग ते खेकसले, "एवढ्या जवळ धरते का, बिनडोक? फाटन ना थे!"

त्यांनी तो आचेपासून हातभर लांब धरला. फिरवला, बोटाच्या पेराने टिचकी मारली, पुन्हा फिरवला. कुऱ्हाड चालवणाऱ्या हाताला सगळं येत होतं! शेवटी टणक आवाज निघाला. काकांनी तार छेडली, आणि घरभर घुमली.

बाबांनी गंबुस त्यांच्या हातात दिला. इंग्रजी उत्तम येत असूनही मला म्हणाले, "इचार त्याले. वाजवणाऱ्याले जेवाले कुठं बसवतात?"

मी विचारलं. काकांना प्रश्नच कळेना. "कुठं म्हणजे? पाहुण्यांच्या पहिल्या पंगतीत. माझ्या वडिलांना तर नवरदेवाच्या शेजारी बसवायचे."

बाबांनी ओट्यावर मूठ हाणली. पुन्हा हाणली. मी मनगट धरेपर्यंत हाणत राहिले, आणि ओट्यावर रक्त लागलं होतं.