काचेपलीकडचं बोट

नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका कान-नाक-घशाच्या दवाखान्यात मी कामाला लागले, तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. ऐकू किती येतं हे तपासणं, म्हणजे ऑडिओमेट्री, हे माझं काम. पेशंटला आवाजबंद खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे आणि बाहेर, काचेपलीकडे मशीनपाशी बसून एकेक आवाज सोडायचा. आवाज आला की पेशंटनं बोट वर करायचं. किती बारीक आवाजापर्यंत बोट वर होतं, त्याच्या खुणा कागदावर मांडायच्या. त्या कागदाला ऑडिओग्राम म्हणतात. खाली माझी सही असायची.

आमचे सर पन्नाशीचे होते, कमी बोलणारे. कानाच्या पडद्याला भोक पडलं असेल तर ते कानावरच्या स्नायूचं पातळ आवरण काढून त्याचा नवा पडदा बसवत. पडदा जुळून येतो, पण वर्षभरानंतर माणसाला खरोखर किती ऐकू येतं, हे त्यांना मोजून बघायचं होतं. त्यासाठी त्यांनी अभ्यास हाती घेतला. प्रत्येक पेशंटच्या तीन तपासण्या: ऑपरेशनच्या आधी, तीन महिन्यांनी आणि वर्षानं. पोस्टकार्डं टाकून पेशंटना बोलावणं आणि तपासणं माझ्याकडे होतं. मला त्या कामाचा अभिमान होता. सरांच्या शोधनिबंधावर माझंही नाव येणार होतं.

ती सिन्नरच्या पुढच्या एका खेड्यातून आली होती. वीस-बावीस वर्षांची, नवं लग्न झालेली. सासरी टोमॅटोची शेती, नवरा एमआयडीसीत कामाला. लहानपणापासून तिचे दोन्ही कान वाहायचे. डावा जवळजवळ गेलेलाच होता, उजव्यावर ऑपरेशन झालं. तीन महिन्यांनी आली तेव्हा पडदा छान जुळला होता आणि ऐकणंही सुधारलं होतं. मला इतका आनंद झाला, की तिचं बोट वर झालं की मी काचेतून मान हलवायचे, हसायचे. तीही हसायची.

वर्षानं ती परत आली. सरांनी दुर्बिणीतून कान बघितला आणि म्हणाले, "पडदा सुरेख आहे." मग ती माझ्याकडे आली. नवरा बाहेर बाकावर बसला होता आणि सारखा घड्याळ बघत होता. ती माझ्याकडे टक लावून बसली. मी बटण दाबलं की तिचं बोट वर. आवाज कमी केला तरी वर, आणखी कमी केला तरी वर. शब्दांची तपासणी घेतली. पाणी, भाकरी, खिडकी, मी म्हणेन तो शब्द ती बरोबर म्हणत गेली. तिचा ऑडिओग्राम आमच्या सगळ्या पेशंटमध्ये उत्तम आला. पुण्याच्या परिषदेत सरांनी निबंध वाचला तेव्हा तिचाच आलेख पडद्यावर दाखवला. पुढे तो निबंध डॉक्टरांच्या एका नियतकालिकात छापूनही आला.

त्यानंतर काही महिन्यांनी तिचा नवरा एकटाच आला.

"मॅडम, तिचा शेवटचा रिपोर्ट द्या ना," तो म्हणाला. "घरात रोज कटकट हाय. आई हाक मारती, ही वळत नाय. म्हनती, ऐकू येत नाय."

मी फाईल काढली. "कागदावर तर चांगलं आहे."

"म्हंजे ऐकू येतं ना?"

"यायला पाहिजे."

"मग मुद्दाम करती," तो म्हणाला. रागावून नाही, एखादा हिशोब लागल्यासारखं.

"वाटलं तर एकदा घेऊन या तिला," मी म्हणाले. ओपीडी भरलेली होती, पुढचा पेशंट दारात उभा होता. मी कागदाची झेरॉक्स काढून दिली. त्यानं ती नीट घडी करून खिशात ठेवली आणि गेला. ती का म्हणते असं, हा प्रश्न मला त्या वेळी पडला नाही. मी कागदावर विश्वास ठेवला, कारण तो मीच केला होता.

त्याच पावसाळ्यात आमचं मशीन बिघडलं. दुरुस्तीला माणूस आला. काम होत आल्यावर तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही आत बसा, मी बटणं दाबून बघतो." मी हेडफोन लावून स्टुलावर बसले. त्याचा खांदा हलला आणि मी बोट वर केलं. परत हलला, परत वर केलं. दोन-तीनदा असं झाल्यावर त्यानं दार उघडलं.

"हेडफोनची वायर अजून जोडलेलीच नाही," तो म्हणाला.

आम्ही दोघंही हसलो. तो गेल्यावर मी परत आत जाऊन बसले आणि काचेतून माझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. पेशंटला तपासणाऱ्याचा हात दिसता कामा नये, त्याला काचेकडे खांदा करून आडवं बसवावं, हे आम्हाला शिकवलेलं होतं. शब्द विचारताना तोंडापुढे कागद धरावा, हेही. पण खोली इतकी अरुंद होती, की आडवं बसलं की गुडघे भिंतीला लागायचे. म्हणून सगळे समोर तोंड करूनच बसायचे. आणि तोंडापुढे कागद धरायचं मी घाईत कधीच सोडून दिलं होतं. तिथं बसल्या बसल्या मला तिचे डोळे आठवले. ती माझ्याकडे बघून हसत नव्हती, माझ्या हातावर आणि ओठांवर लक्ष ठेवून होती.

दुसऱ्या दिवसापासून, गुडघे भिंतीला लागले तरी, मी पेशंटना आडवं बसवायला लागले. कोणाला काही सांगितलं मात्र नाही. निबंध छापून झाला होता. सरांना आणखी एका ठिकाणी बोलायला बोलावलं होतं. कदाचित तिला खरंच ऐकू येत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. दिवाळीनंतर सांगू, असं ठरवलं. दिवाळी झाली, तरी सांगितलं नाही.

संक्रांतीच्या आसपास शेवटी सरांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"कधी लक्षात आलं?"

"पावसाळ्यात."

"चूक कोणाचीही होते," ते म्हणाले. "पण पावसाळ्यापासून आत्तापर्यंत?"

यापलीकडे ते मला कधीच काही बोलले नाहीत. त्यांनी निबंध छापणाऱ्यांना पत्र लिहिलं आणि सगळ्या पेशंटना पुन्हा तपासणीला बोलवायला सांगितलं. मी पोस्टकार्डं लिहिली. तिच्या पत्त्यावर दोनदा लिहिलं. उत्तर आलं नाही, म्हणून एका रविवारी एसटीनं सिन्नरला आणि तिथून जीपनं तिच्या गावी गेले.

सासू अंगणात टोमॅटो निवडत बसली होती. मी कोण ते सांगितल्यावर तिनं उठून पाणी दिलं.

"ती माहेरी हाय. नांदगावकडं. दिवाळीच्या आधीच धाडली," ती म्हणाली. "हाका मारून मारून मी दमले, ताई. वाटायचं ऐकूच येत नसंल. पण डॉक्टरचा कागद होता ना. चार मानसांत दाखवला. तिच्या बापाला बी दाखवला. त्यो काय बोलनार?"

ती आत गेली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला कागद घेऊन आली. खाली माझी सही होती.

"हा कागद चुकीचा आहे," मी म्हणाले. "तिला खरंच ऐकू येत नसणार. चूक माझी झाली."

तिनं कागद परत पिशवीत घातला. मग टोमॅटो पुढं ओढून म्हणाली, "आता सांगून काय उपेग? पोराचं दुसरीकडं ठरवलंय."

पुढच्या आठवड्यात मी नांदगावला गेले आणि तिच्या वडिलांना भेटून तिला नाशिकला आणवलं. स्टुलावर तिला काचेकडे पाठ करून बसवलं. आवाज सोडत गेले. तिचा हात मांडीवर तसाच राहिला. खूप मोठा आवाज सोडल्यावर बोट थोडं हललं. पडदा जागच्या जागी होता, पण आतल्या कानाचं ऐकणं गेलं होतं. कधी गेलं, ते सांगता येत नव्हतं.

मी तिच्यासमोर बसून, ओठ नीट दिसतील असं सावकाश विचारलं, "तेव्हा बोट का वर करत होतीस?"

ती खाली बघत म्हणाली, "तुम्ही लय खूश व्हायच्या, ताई. डॉक्टरांनी फुकट ऑपरेशन केलं. ऐकू येत नाय म्हनलं असतं तर सगळ्यांला वाईट वाटलं असतं. आन् ह्ये बाहेर बसले होते."

सरांनी तिला स्वतःच्या खर्चानं कानाचं मशीन दिलं. तिच्या सासरी पत्रही लिहिलं. त्याचा उपयोग झाला नाही. उन्हाळ्यात तिच्या नवऱ्याचं दुसरं लग्न झालं. निबंधातली चूक कबूल करणाऱ्या चार ओळी पुढच्या अंकाच्या शेवटच्या पानावर आल्या. त्या कोणी वाचल्या असतील, असं मला वाटत नाही.

मशीन तपासून घ्यायला आणि कानात बसणारा त्याचा साचा बदलायला ती वर्षातून एकदा यायची. दोन हजार सालानंतर तिनं भावाच्या शेतात कांद्याची रोपं विकायचं काम सुरू केलं. मला एकदा कामानिमित्त मनमाडला जायचं होतं, तेव्हा वाट वाकडी करून तिच्याकडे गेले. ती वाफ्यात बसून रोपांच्या जुड्या बांधत होती. मला बघून तिनं भावजयीला चहा ठेवायला सांगितलं आणि परत जुड्या बांधू लागली. मी तिच्या शेजारी बांधावर बसले. इतकी वर्षं मनात असलेलं तिथं विचारलं, "तुला माझा राग येतो का गं?"

ती जुड्या बांधतच राहिली. मग माझं लक्ष गेलं. घामानं खराब होऊ नये म्हणून तिनं मशीन काढून पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवलं होतं. तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं, मी काही म्हणाले का अशा नजरेनं. मी काही नाही अशी नुसती मान हलवली आणि तिच्यासमोरची रोपं उचलून एक जुडी बांधायला घेतली.