अकराशे चाळीस गाठी

आमच्या इमारतीत सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी कुणाचं मूल पडलं, कुणाचं बोट कापलं, की पहिली हाक त्यांनाच. त्या येतात, जखम बघतात आणि आधी आईबापांना झापतात. मग औषध. कुणाला न रागावता त्यांनी बरं केल्याचं मला तरी आठवत नाही.

चौतीस वर्षं त्या ऑपरेशन थिएटरमध्ये होत्या. सर्जननं हात पुढे केला की त्यात कात्री ठेवायची, चिमटा ठेवायचा की ओवलेली सुई, हे त्यांना न सांगता कळायचं. धागा त्यांच्या हातातून जायचा, पण गाठ मारायची ती डॉक्टरांनी. सिस्टरांचं काम देण्याचं आणि मोजण्याचं. शेवटचे टाके घालायच्या आधी रक्त टिपायच्या गॉजच्या घड्या मोजायच्या. जितक्या आत गेल्या तितक्या बाहेर यायला हव्यात.

एकदा एक घडी कमी भरली. सर्जन म्हणाले, "सिस्टर, धागा."

"एक घडी कमी आहे."

"मोजण्यात चुकलं असेल. धागा द्या."

"चुकलेलं नाही. घडी मिळाल्याशिवाय धागा नाही."

दहा मिनिटं सगळं थिएटर शोधाशोध करत होतं. घडी मिळाली ती एका वॉर्डबॉयच्या बुटाच्या तळाला चिकटलेली. सर्जन सगळ्यांदेखत नको ते बोलले. सिस्टरांनी माफी मागितली नाही, म्हणून मेट्रननं त्यांना तीन महिने चादरी मोजायला बसवलं. ही हकीकत सांगताना त्यांच्या कानाच्या पाळ्या अजून लाल होतात. "बुटाला मिळाली म्हणून मी चुकले होय? आणि पोटात मिळाली असती तर?"

त्यांनी लग्न केलं नाही. घर त्यांचंच. धाकटा भाऊ नकाशे काढायच्या नोकरीतून निवृत्त झाला, तेव्हा तो आणि भावजय त्यांच्याकडे राहायला आले. हा भाऊ साठीचा, डोक्याला टक्कल, पण सिस्टर त्याला अजून "धाकट्या" म्हणूनच हाक मारतात. मग आम्हीही मनातल्या मनात त्याला धाकटाच म्हणतो.

धाकट्यानं रिकामपणी लाकडी जहाज करायला घेतलं. जुन्या काळातलं, तीन डोलकाठ्यांचं, हातभर लांब. आधी माशाच्या काट्यासारखा सांगाडा, मग त्यावर वाफेत वाकवलेल्या काडीएवढ्या फळ्या. सव्वा वर्ष गेलं. जेवायच्या टेबलावर भुसा. भावजय म्हणायची, "तुम्ही ती होडी तेलमीठ लावून खाल्लीत तरी चालेल, पण तेवढी माझ्या टेबलावरून उचला."

लाकूड धाकट्याला साधलं, दोर साधेनात. त्याची बोटं जाड आणि घाई फार. एका दुपारी सिस्टर चहाचा कप घेऊन मागे उभ्या राहिल्या. जरा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "बाजूला हो. जहाज बांधतोयस की बूट?"

तेव्हापासून दोर त्यांचे. त्यांनी साधा सुती धागा पिळून दोर वळले, त्यांना मेण चोळलं. काठ्या ताठ धरणारे दोर काळे आणि जाड, शिडं ओढणारे बदामी आणि बारीक. काठीच्या दोन्ही बाजूंना दोरांच्या शिड्या असतात, खलाशांना वर चढायला. उभ्या दोरावर आडवा दोर जिथं जिथं जातो तिथं तिथं एक गाठ. सिस्टर निरोपसमारंभात मिळालेल्या लांब चिमट्यानं ती गाठ मारायच्या. सुरुवात आतून, शेवट बाहेर; नाहीतर नंतर चिमटा आत शिरत नाही. आठ महिने त्या बसल्या होत्या. अकराशे चाळीस गाठी. हा आकडा त्यांचाच.

आणि एक नियम होता. गाठीला गोंद लावायचा नाही. हवा बदलली की दोर कधी सैलावतात, कधी ताणतात. त्या दर आठवड्याला चिमटा घेऊन फिरायच्या आणि एकेक गाठ सरकवून ताण सारखा करायच्या. मी एकदा बोट लावायला गेले, तर "हात!" म्हणून असा आवाज आला की मी शाळेत शिकवते त्या वर्गातली पोरं आठवली. आयुष्यात पहिल्यांदा मी हात मागे घेणाऱ्यांच्या बाजूला होते.

वाचनालयानं छंदांचं प्रदर्शन ठेवलं होतं. ग्रंथपाल जहाज बघायला आले आणि भारावले. जाता जाता म्हणाले, "टेम्पोतनं न्यायचं आहे हो. हादऱ्यांनी गाठी सुटायला नकोत."

एवढंच धाकट्याच्या डोक्यात बसलं. दुसऱ्या दिवशी सिस्टर डोळे तपासायला गेल्या. त्यानं झटपट चिकटवणारी ट्यूब काढली, टाचणीच्या टोकानं गाठीगाठीला एकेक थेंब लावत गेला. भावजय म्हणाली, "ताईंना विचारलंत का?"

"त्यात काय विचारायचं? तिच्याच कामाचं आहे."

सिस्टर दुपारी परतल्या. चपला काढता काढताच विचारलं, "वास कसला येतोय?"

हे सगळं मला भावजयीनं खाली येऊन सांगितलं. "बाई, तुम्ही वर चला हो. दोघं मिळून जहाज बुडवतायत."

मी गेले तेव्हा सिस्टर भिंग घेऊन वाकल्या होत्या. काळ्या दोरांवर पांढरे डाग उमटले होते, केसांत कोंडा दिसावा तसे. दोर तारेसारखे कडक. त्यांनी एका गाठीला चिमटा लावला. गाठ हलली नाही. दोरच कट्‌ करून तुटला.

"कुणी केलं हे?"

"अगं ताई, टेम्पोत सुटल्या असत्या तर?"

"कुणाच्या?"

"म्हणजे?"

"कुणाच्या गाठी सुटल्या असत्या?"

धाकटा माझ्याकडे बघायला लागला. मी जहाजाकडे बघितलं.

"किती गाठींना लावलंस?"

"सगळ्याच."

"सगळ्या म्हणजे किती?"

त्याला ठाऊक नव्हतं.

"आठ महिने मी त्या बांधल्या. तुला मोजायचीसुद्धा गरज वाटली नाही."

"बरं, चुकलं. डाग काळ्या रंगानं झाकतो. प्रदर्शनाला नऊ दिवस आहेत अजून. आणि तिथं काचेमागून कुणाला दिसतंय, ताई?"

तोवर त्या नुसत्या चिडलेल्या होत्या. या वाक्यानंतर त्यांचा आवाज एकदम खाली आला, आणि मला त्याचीच भीती वाटली. खोलीत जाऊन त्या कात्री घेऊन आल्या.

"ताई, काय करतेस?"

"मोकळं करते."

"सव्वा वर्ष माझं गेलंय त्यात!"

"तुझ्या फळीला मी करवत लावते का? लावली कधी? बोल."

तो पुढे सरसावला. कात्री न थांबवता त्या म्हणाल्या, "मध्ये हात घातलास तर मला बोटंसुद्धा मोजावी लागतील."

दोन तास त्या कापत होत्या. शिडं उतरवून घडी करून ठेवली, कारण त्यांना गोंद लागला नव्हता. काठीला, फळीला कुठं ओरखडा येऊ दिला नाही. शेवटी टेबलावर काळ्या-बदामी तुकड्यांचा ढीग आणि तीन उघड्या काठ्या. धाकटा गॅलरीत तोंड फिरवून उभा. भावजयीनं कुणालाच चहा विचारला नाही.

त्यानं प्रदर्शनाला नकार कळवतो म्हटलं. सिस्टर म्हणाल्या, "न्यायचं. असंच न्यायचं."

"लोकांना काय सांगू?"

"जे झालं ते."

प्रदर्शन तीन दिवसांचं होतं. पहिल्या दिवशी जो तो विचारी, दोर कुठं, शिडं कुठं? धाकटा हसून सांगे, "दोर आमच्या ताईनं कापले. राग फार वाईट हो तिचा." लोक हसत. एक गृहस्थ म्हणाले, "प्रत्येक घरात असतंच एक असं माणूस." भावजयीनं हे घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. ती नवऱ्याची बायको खरी, पण डोळ्यांनी सगळं बघितलेली होती.

दुसऱ्या दिवशी सिस्टर इस्त्रीचे कपडे घालून वाचनालयात गेल्या. मीही बरोबर होते. धाकट्याची पाठ आमच्याकडे होती. समोर एक जोडपं उभं होतं.

"ताई आमची जरा तापट आहे," तो सांगत होता, "एका दुपारी बसली आणि..."

"पूर्ण सांग," सिस्टर मागून म्हणाल्या.

त्यानं वळून बघितलं. टकलापर्यंत लाल झाला.

"मी तिच्या गाठींना गोंद लावला."

"विचारून?"

"न विचारता."

"आणि?"

"आणि म्हटलं, काचेमागून कुणाला दिसतंय."

जोडप्यातल्या बाईंनी जहाजाकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. सिस्टर जिन्यापाशी खुर्ची ओढून बसल्या. वाचनालय बंद होईपर्यंत बसल्या, तिसऱ्या दिवशीही. दर वेळी धाकट्यानं ते सगळं सांगितलं, शेवटच्या वाक्यासकट. ग्रंथपालांनी "दुरुस्ती चालू आहे" अशी पाटी लावू का विचारलं. सिस्टर म्हणाल्या, "दुरुस्ती नाही. मोडलंय."

ग्रंथपालांना वाटलं, कार्डावर नाव नाही म्हणून त्या चिडल्यात. त्यांनी धाकट्याच्या नावाशेजारी सिस्टरांचंही नाव लिहून आणलं. सिस्टरांनी ते परत केलं. "नाव कशाला? मी ज्याला हात लावते त्याला दुसऱ्यानं लावायचा नाही, इतकंच माझं म्हणणं आहे. ते कार्डावर मावणार आहे का?"

जहाज घरी आलं ते त्यांच्या खोलीत गेलं. त्यांनी नवा धागा पिळायला घेतला. पहिल्या काठीच्या दोन शिड्या आता पुऱ्या झाल्या आहेत. भावाबहिणीचं बोलणं चालू आहे. मीठ दे, दार लाव, फोन आला, एवढं. मध्ये एकदा धाकट्यानं राग गेला का म्हणून विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "राग जायला तो काय पाहुणा आहे?"

मागच्या आठवड्यात धाकटा खाली माझ्याकडे आला. त्यानं दुसऱ्या जहाजाचा सांगाडा केलाय. दोन काठ्यांचं, लहानसं. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाला, "बाई, तुम्ही जरा विचारून बघा ना ताईला. दोर ती बांधेल का?"

मी वर गेले. सिस्टरांनी चिमटा खाली ठेवला नाही.

"तो का नाही आला?"

"घाबरतो."

"घाबरू दे. पण विचारायला त्यानंच यायचं."

मी खाली येऊन त्याला तेवढंच सांगितलं. अजून तो गेलेला नाही.